नेली ऑर्मरॉडची उथळ डिश

शब्दांचाही कंटाळा येतो. लोकांना वाटतं, शब्दकोशात काम करणारी माणसं दिवसभर शब्दांत रमलेली असतात, घरी गेल्यावरही त्यांच्याच गोडीत असतात. तसं काही नसतं. मिठाईच्या दुकानातला माणूस घरी जाऊन चटणी-भाकरीच मागतो. हिल्डा थ्रेलफॉलला तर त्या वसंतात एका शब्दाचा इतका वीट आला होता की तो नुसता कानावर पडला तरी तिचं डोकं उठायचं. शब्द होता 'शॅलो'. आपल्या भाषेत उथळ. ज्याला खोली नाही ते.

तिचं ऑफिस लँकेस्टरमध्ये, जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमच्या एका दुकानाच्या वर होतं. शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी एक इंग्रजी शब्दकोश तिथे वर्षानुवर्षं 'होत आला' होता. हिल्डा तिथे लागली तेव्हा 'डी' अक्षर चालू होतं आणि तिचे केस तपकिरी होते. आता केस पांढरे झाले होते आणि कुठे 'एस' लागलं होतं. 'ए'वर काम केलेली माणसं तर निवृत्त होऊन, काही देवाघरी जाऊनही, बराच काळ लोटला होता. 'झेड' आपल्या हयातीत येईल का, याची पैज लावण्याचा उत्साहही आता कुणात राहिला नव्हता.

कामाची रीत साधी होती. पोस्टकार्डाएवढ्या कोऱ्या चिठ्ठ्या प्रत्येकाजवळ असायच्या. कुणाच्या तोंडून एखादा शब्द ऐकला की चिठ्ठीच्या डोक्यावर तो शब्द, खाली पूर्ण वाक्य, त्याखाली बोलणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, आणि कोपऱ्यात 'तोंडी'. मग ती चिठ्ठी ऑफिसातल्या लाकडी खणांत आपापल्या जागी जाऊन बसायची. मुख्य संपादक मिस्टर गार्स्टँग यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितला नाही असं कधी झालं नाही. ऐकलंत की त्या क्षणी लिहा. घरी जाऊन लिहू म्हणालात तर वाक्य तुमचं होतं, बोलणाऱ्याचं राहत नाही.

हिल्डाने हा नियम देवाज्ञेसारखा पाळला होता. बसमध्ये, चर्चमध्ये, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असतानासुद्धा तिने चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. लग्नाचा योग काही आला नाही. एका भल्या माणसाने एकदा विचारायला सुरुवात केली होती, पण बोलता बोलता त्याने एक चमत्कारिक क्रियापद वापरलं आणि हिल्डाचा हात पर्सकडे गेला. पुढे त्याने विचारलं नाही. ही गोष्ट तिची धाकटी बहीण मेव्हिस रंगवून सांगायची आणि ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची. हिल्डा हसायची नाही, पण गोष्ट खोटी आहे असंही म्हणायची नाही.

तर हा 'उथळ'. मिस्टर गार्स्टँगना प्रत्येक अर्थासाठी छापील उदाहरणांच्या जोडीला निदान एक जिवंत माणसाच्या तोंडचं वाक्य हवं होतं. उथळ पाण्याचं मिळालं होतं, मोरकॅमच्या खाडीत कोळंबी धरणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून. उथळ माणसाची तर वाण नव्हती. दुसऱ्याला उथळ म्हणण्यात लोक फार उदार असतात, त्या खणात चिठ्ठ्या मावत नव्हत्या. उथळ खड्ड्याचं वाक्य शेजाऱ्याने मांजर पुरताना दिलं. अडलं होतं ते भांड्यावर. पाककृतींच्या पुस्तकांत 'उथळ डिश' पानोपानी होती, पण बोलताना तसं म्हणणारं माणूस तिला भेटेना. तिकडे बायका म्हणायच्या चपटी डिश, 'पाय' भाजायची डिश, नाहीतर नुसतीच 'ती ही'. भांड्यांच्या दुकानात हिल्डा उगाच अर्धा-अर्धा तास घुटमळायची. सरळ विचारायची सोय नव्हती. विचारून काढलेलं वाक्य म्हणजे खोटं नाणं, असं मिस्टर गार्स्टँगचं मत. शेवटी दुकानदारच तिच्याकडे संशयाने बघायला लागला.

श्वासाच्या अर्थाची चिठ्ठी मात्र तिला घरातच मिळाली, आणि तिच्यावरून घरात भांडणही झालं.

आई मेव्हिसकडे असायची. मेव्हिसचं मोरकॅमला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, केस कापण्या-धुण्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. वडील गेल्यावर आई तिथे राहायला आली आणि हळूहळू पलंगाला लागली. तिचं खाणं-पिणं, अंघोळ, औषध, रात्रीचं उठणं-बसणं, सगळं मेव्हिस करायची. मध्येच खाली जाऊन कुणाचे केस कुरळे करायची, परत वर यायची. घटस्फोट झालेली, लाल लिपस्टिक लावणारी, एका दमात चार विषय बोलणारी बाई. दोघी मुली लहान असल्यापासून घरातला निवाडा ठरलेला होता: हिल्डा खोल, मेव्हिस वरवरची. वडिलांनीच तो दिला होता आणि त्यावर कुणी अपील केलं नव्हतं. हिल्डा शनिवारी दुपारी बसने यायची, आईपाशी बसायची, संध्याकाळी जायची. शनिवार हा मेव्हिसच्या धंद्याचा दिवस, तेव्हा वर कुणीतरी लागायचं.

मार्चच्या एका शनिवारी नर्स आली होती. आईला तपासून तिने दोघी बहिणींना दाराशी बोलावलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की हृदय थकलंय, आता दिवस थोडे आहेत. "श्वास उथळ व्हायला लागला की समजा. मग फार वेळ नसतो."

हिल्डाने पर्स उघडली, चिठ्ठी काढली आणि दाराच्या चौकटीला टेकवून लिहायला लागली. नर्स बघतच राहिली. तिला वाटलं औषधाचं नाव टिपून घेतायत. मेव्हिसला ठाऊक होतं काय चाललंय. नर्स जिना उतरून जाईपर्यंत ती थांबली.

"ती आपल्या आईबद्दल बोलत होती," मेव्हिस म्हणाली.

"मला माहितीये."

"माहितीये, आणि तू शब्द वेचतेयस."

लगेच लिहिलं नाही तर वाक्य राहत नाही, हे हिल्डा सांगणार होती, पण त्या दारात ते स्वतःलाच बरं वाटेना. मेव्हिसने तेव्हा जास्त ताणलं नाही. चहा केला. कप पुढे ठेवताना मात्र तिने एक गोष्ट मागितली, आणि मेव्हिस मागणाऱ्यांपैकी नव्हती म्हणून ती हिल्डाच्या लक्षात राहिली. म्हणाली, मी सहा वर्षं तिचं सगळं केलं, मला त्याचं काही बक्षीस नको. फक्त शेवटी मला तिथे असायचंय. हात धरायचाय. शनिवारी मी खाली असताना तिचा श्वास बदलला तर जमिनीवर काठी आपट, मी कुणाचं डोकं अर्धं सोडून येईन. एवढंच कर, हिल्डा. बाकी तुझ्याकडून काही नको.

हिल्डाने हो म्हटलं. मनापासून म्हटलं. आईची चालायची काठी तिने त्याच दिवशी आपल्या खुर्चीला टेकवून ठेवली, हात सोडला की लागेल अशी.

त्यानंतरचे शनिवार सारखेच गेले. आई बहुतेक वेळ झोपलेली असायची. खिडकीतून पलीकडच्या घरांची छपरं दिसायची आणि त्यांच्या मधल्या फटीतून वाळू. भरती गेली की तिकडचा समुद्र इतका लांब जातो की तो होता यावर विश्वास बसत नाही. नुसती ओली, राखाडी, सपाट वाळू. हिल्डा ती बघत बसायची. ऑफिसात 'उथळ'ची नोंद अडून होती, छापखान्याकडून दोनदा विचारणा झाली होती, आणि मिस्टर गार्स्टँग तिच्या टेबलाशी येऊन न बोलता उभे राहायला लागले होते. तिला रात्री झोप यायची नाही आणि दिवसा जाग यायची नाही. पाय सुजायचे. आईच्या खोलीतली ती खुर्ची ही आठवड्यातली एकच जागा होती जिथे तिच्याकडून कुणाला काही नको होतं, काठी सोडून.

एप्रिल संपत आला होता तेव्हाचा शनिवार. खाली मेव्हिस मिसेस क्लेगचे केस पर्म करत होती, म्हणजे औषध लावून कुरळे, आणि तिच्या बोलण्याचा नुसता सूर वर येत होता. मेव्हिसच्या बोलण्यात शब्द कळले नाहीत तरी कुठे हशा आहे ते कळायचं. आई सकाळपासून जागी झाली नव्हती, पण श्वास संथ, नेहमीसारखा होता. हिल्डा आल्याबरोबर बघून घेत असे, तसं आजही तिने पाहिलं होतं.

दुपारचा चहा गार झाला होता तेव्हा आईने डोळे उघडले. हिल्डाकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत, घरात कुणाला काम सांगावं अशा स्वच्छ आवाजात ती बोलली.

"ती उथळ डिश नेली ऑर्मरॉडची आहे. परत करायची राहिली. मला तिच्यासमोर जायची लाज वाटते."

आणि डोळे मिटले.

हिल्डाच्या अंगावर काटा आला. पुढे कित्येक दिवस तिला या गोष्टीची शरम वाटत राहिली, की आई इतक्या दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली याचा तो काटा नव्हता. तो शब्दाचा होता. जिवंत माणसाच्या तोंडून, न विचारता, भांड्यासाठी. तिचा हात आपणहून पर्समध्ये गेला. चिठ्ठी मांडीवर, पेनचं टोपण दातात. डोक्यावर शब्द. खाली वाक्य. पहिलं वाक्य पुरे, की पुढची दोन्हीही घ्यायची? घ्यावीत, संदर्भाशिवाय उदाहरण लंगडं पडतं. तिने तिन्ही घेतली. 'मिसेस अ‍ॅग्नेस थ्रेलफॉल, मोरकॅम.' तारीख. कोपऱ्यात 'तोंडी'. शाई ओली होती म्हणून तिने फुंकर मारली.

मग मान वर केली.

आईची छाती हलत नव्हती. हलत होता तो फक्त गळ्याखालचा खळगा, जरासा, आणि दोन हालचालींच्या मध्ये फार वेळ जात होता. नर्सने सांगितलेलं हेच, हे हिल्डाला एका नजरेत कळलं. तिने काठी उचलली आणि जमिनीवर आपटली, आपटतच राहिली. खालचं बोलणं तुटलं. जिन्यावर सपाता वाजल्या.

मेव्हिस आली ती हातातले रबरी मोजे न काढता. पलंगावर बसली, आईचा हात धरला, वाकली. खळगा हलला नाही. मेव्हिस पुढच्या श्वासाची वाट बघत राहिली. हिल्डाही बघत राहिली. तो आला नाही. मोज्यांवरून पर्मचं औषध चादरीवर ठिबकत होतं आणि त्याच्या उग्र वासाने खोली भरून गेली होती.

मेव्हिसने मान न वळवता विचारलं, "तू लगेच वाजवलंस?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. तिथे तिसरं कुणी नव्हतं. चिठ्ठी हिल्डाच्या मांडीवर पालथी पडली होती, ती स्वेटरच्या खिशात गेली असती की विषय संपला असता. पण लोक काय बोलतात ते जसंच्या तसं लिहिण्यात तिचा जन्म गेला होता आणि आता नवीन काही रचायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं.

"आधी लिहिलं," ती म्हणाली. "मग वाजवलं."

मेव्हिसने आईचा हात चादरीवर ठेवला, मोजे काढले, एकात एक घातले.

"खाली मिसेस क्लेग बसल्यात," ती म्हणाली. "औषध जास्त वेळ राहिलं तर त्यांचे केस जातील."

ती गेली. हिल्डाला वरून नळाचं पाणी ऐकू येत होतं, बराच वेळ. मिसेस क्लेगने काहीतरी विचारलं, मेव्हिसने एका शब्दात उत्तर दिलं. मग ड्रायरचा आवाज, मग तोही बंद. दुकानाच्या दारावरची घंटी वाजली आणि कडी लागली. मेव्हिस वर आली तेव्हा तिच्या तोंडावरची लिपस्टिक पुसलेली होती. हिल्डाने तिला तसं किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

"वाच," मेव्हिस म्हणाली.

हिल्डाने चिठ्ठी उचलली. वाक्य वाचलं.

"तुमच्यात कोण म्हणालं तेही लिहितात ना? तेही वाच."

तिने तेही वाचलं. नाव, गाव, तारीख, तोंडी.

"डिश," मेव्हिस म्हणाली. तिच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी आलं, पण ते हसणं नव्हतं. "बाबांच्या मयताच्या जेवणाला नेलीने त्यात हॅम आणला होता. खाली आहे ती. मी तिच्यात केसांचे कर्लर ठेवते." मग तिने विचारलं, "माझं नाव घेतलं?"

"नाही."

"तुझं?"

"नाही."

मेव्हिसने हात पुढे केला. ऑफिसच्या नियमाप्रमाणे चिठ्ठी ही ऑफिसची असते, लिहिणाऱ्याचीसुद्धा नसते. हिल्डाने ती देऊन टाकली. मेव्हिसने वाचली नाही, नुसती घडी घालून पोलक्यात ठेवली.

मयताला चॅपल निम्मं भरलं. मेव्हिसने मधल्या दिवसांत डिशमधले कर्लर काढून ती घासली होती. तिकडे बायका आपली भांडी समारंभाला देतात तेव्हा बुडाला चिकटपट्टी लावून नाव लिहितात. ती पट्टी अजून होती, तपकिरी पडलेली, अक्षरं गेलेली. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं म्हणून मेव्हिसने त्यात मटण-बटाट्याचा 'पाय' केला होता, वर कणकेचं झाकण घालून भाजलेला. नेली ऑर्मरॉड काठी टेकत आली. डिश बघून म्हणाली, ही माझी? असेल बाई, मला तर काही आठवत नाही. आणि त्या 'पाय'चा तुकडा तोंडात टाकून मीठ बरोबर पडलंय म्हणाली. इतकी वर्षं आई जिची लाज बाळगत होती ती बाई हे बोलून सँडविचच्या टेबलाकडे गेलीसुद्धा.

हिल्डा कप धुवायला उभी राहिली तेव्हा मेव्हिस तिच्या शेजारी आली. आवाज चढलेला नव्हता, उलट फार थकलेला होता. म्हणाली, तू आता शनिवारी येत जाऊ नकोस. वर कुणी नाही बसायचं. मला तुझा राग आहे का ते मला ठाऊक नाही, पण तू समोर आलीस की मला ती काठी आधी दिसते. हिल्डाने कप पुसून उपडा ठेवला आणि बरं म्हटलं. त्या घरात तिचं दुसरं कुणी नव्हतं, जगातही नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

सोमवारी मिस्टर गार्स्टँगनी तिचं सांत्वन केलं, आणि सभ्यतेला लागतो तेवढा वेळ जाऊ देऊन भांड्याच्या अर्थाचं विचारलं. हिल्डाने सांगितलं, तोंडी काही मिळालं नाही. तिच्या नोकरीतलं हे पहिलं खोटं. ते म्हणाले, काही हरकत नाही मिस थ्रेलफॉल, भांड्यांबद्दल लोक सहसा बोलत नसावेत. पाककृतीच्या पुस्तकातली ओळ घेतली आणि 'उथळ' छापखान्याकडे गेला. हिल्डाला वाटलं होतं, गेला की हलकं वाटेल. काहीच वाटलं नाही. पुढचा शब्द आला.

शनिवार मात्र जाता जाईनात. पहिल्या शनिवारी ती सवयीने बसथांब्यापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या शनिवारी तिने घरातली सगळी कपाटं पुसली. तिसऱ्या आठवड्यात छापखान्याची शंका आली, 'एस'मधल्याच मागच्या एका शब्दाबद्दल. 'सी', म्हणजे बघणे. त्यातही एखादं काम बघणे, त्याची काळजी घेणे, त्या अर्थाचं उदाहरण खरं आहे का, मूळ चिठ्ठी तपासा. हिल्डाने खण ओढला. चाळता चाळता मध्येच तिला स्वतःचं अक्षर दिसलं, जुनं, उभं, घाईचं. छापखान्याला हवी होती ती ही चिठ्ठी नव्हती. ही कुणी कधी वापरलीच नव्हती.

ती तिथेच, खणाशी, स्टुलावर बसली. वाचून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की अशी ही एकच नसणार. 'डी'पासून 'एस'पर्यंत, सगळ्या खणांमध्ये, आई असणार. 'डोअर' म्हणजे दार असो की 'रेन' म्हणजे पाऊस, कुठल्याही शब्दाखाली. जे कानावर पडलं ते हिल्डाने टिपलं होतं, आणि तिच्या कानावर सगळ्यात जास्त पडलं ते आईचं बोलणं. आई अशी अकारविल्हे विखुरलेली होती आणि ते इतक्या वर्षांत हिल्डाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तिने नक्कल करायला कोरी चिठ्ठी घेतली. पेन उघडलं आणि थांबली. मागाहून लिहिलं की ते बोलणाऱ्याचं राहत नाही. मिस्टर गार्स्टँग त्यांच्या खोलीत खोकत होते. हिल्डाने मूळ चिठ्ठीच पर्समध्ये घातली आणि खण लावला.

शनिवारी ती मोरकॅमला गेली. दुकान रिकामं होत आलं होतं. मेव्हिस जमिनीवरचे केस झाडत होती. हिल्डाला दारात बघून तिने झाडू भिंतीला लावला.

"काय?"

"केस धुवायचेत," हिल्डा म्हणाली.

मेव्हिसने तिच्या डोक्याकडे बघितलं. हिल्डाचे केस हे तिचं जुनं दुखणं होतं. ती आपले आपण कापायची, स्वयंपाकघरातल्या कात्रीने. "वेळ ठरवून यायचं असतं," मेव्हिस म्हणाली, पण बेसिनपुढची खुर्ची तिने पायाने जरा पुढे सरकवली.

हिल्डा बसली. समोरच्या आरशाच्या चौकटीत बिलं आणि पोस्टकार्डं खोचलेली होती आणि त्यांच्यात ती डिशची चिठ्ठी, चौकोनी घडीच्या खुणांसकट. मेव्हिसने तिच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. मग तिला विचारायचं होतं ते तिने मागे उभं राहून विचारलं, आरशातही न बघता.

"तू लिहीत होतीस तेव्हा ती श्वास घेत होती?"

"हो."

"तुला ऐकू येत होतं?"

"नाही," हिल्डा म्हणाली. "मी लिहीत होते."

मेव्हिसने नळ सोडला, पाणी गरम होण्याची वाट बघत हात त्याखाली धरला. मग म्हणाली, मी तिचा आवाज रोज ऐकला, हिल्डा, रोज, आणि आता मला तिचं एक वाक्य धड आठवत नाही. कसं म्हणायची ते आठवतं. काय म्हणायची ते आठवत नाही. तुझ्याकडे निदान ते डिशचं तरी आहे.

हिल्डाने टॉवेलखालून हात काढला आणि पर्समधली चिठ्ठी खांद्यावरून मागे धरली. मेव्हिसने हात पुसून ती घेतली. कागद जुना होता, कडा पिवळ्या पडलेल्या. डोक्यावर 'बघणे'. खाली वाक्य. मेव्हिस वाचताना ओठ हलवायची, लहानपणापासून, त्यावरून वडील तिला हसायचे. आरशात हिल्डाला ते ओठ हलताना दिसले.

'तू जा तुझ्या बसला. आमची मेव्हिस बघेल सगळं. तिने बघितलं की मला घोर नसतो.' मिसेस अ‍ॅग्नेस थ्रेलफॉल, मोरकॅम. तारीख वडील दवाखान्यात होते त्या वर्षाची. तोंडी.

हे आई हिल्डाला म्हणाली होती, आणि त्या दिवशी हिल्डाने त्यातलं फक्त क्रियापद ऐकलं होतं.

मेव्हिसने पुन्हा वाचलं. नळ वाहत होता, पाणी केव्हाच गरम होऊन वाया चाललं होतं, आणि पाण्याच्या बिलावरून गिऱ्हाइकांना बोलणारी मेव्हिस त्याकडे बघत नव्हती. तिने चिठ्ठी आरशात खोचली नाही. पोलक्यात ठेवली.

"अजून आहेत?" तिने विचारलं.

"शोधाव्या लागतील. एकेक."

"आणायला चालतं?"

"नाही," हिल्डा म्हणाली.

मेव्हिसने मान डोलावली. तिचा हात हिल्डाच्या कपाळावर आला, ओला आणि गरम, आणि त्या हाताने तिचं डोकं मागे ढकललं, ना हळू, ना जोरात.

"पुढच्या शनिवारी चारला ये," ती म्हणाली. "चारनंतर कुणी नसतं. आणि आता डोळे मिट, साबण जाईल."